बंद पडलेल्या गाडीचे कलम

विम्याचा कागद रस घेऊन वाचणारे फार थोडे. पूर्वी तो पीयूसीच्या चिठ्ठीखाली डॅशबोर्डच्या खणात असायचा, आता फोनमध्ये पीडीएफ होऊन असतो. सही करण्यापुरता डोळ्यांसमोर येतो आणि जातो. तरीही या कागदाचे रसग्रहण करावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. वसई-विरारमध्ये गाडी बाळगणाऱ्या माणसाला दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी एक प्रश्न पडतो : रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला येणारी सेवा, म्हणजे रोडसाइड असिस्टन्स, कुणाची घ्यावी? विमा कंपनीची, गाडी बनवणाऱ्या कंपनीची, की वर्षाची वर्गणी घेणाऱ्या तिसऱ्याच कुणाची? त्याचे उत्तर जाहिरातीत शोधले जाते. माझ्या मते ते पॉलिसीच्या मूळ मजकुरात आहे, आणि तो मजकूर सावकाश वाचणाऱ्यालाच ते सापडते.

हा मजकूर म्हणजे खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीचा नमुना. बोलीभाषेत आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, तो. टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीने 1 जुलै 2002 पासून लागू केलेल्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये तो छापला होता. पुढे 1 जानेवारी 2007 पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले, कंपन्यांची आपसात स्पर्धा लागली, अ‍ॅड-ऑन नावाची पुरवण्यांची रांग आली. पण कलमांचा सांगाडा बहुतेक कंपन्यांच्या कागदावर आजही जवळजवळ तोच दिसतो. त्याच्यावर लेखकाचे नाव नाही. अनेक हातांनी, अनेक वादांनंतर घासून घासून तयार झालेले हे गद्य आहे. त्यात विशेषण क्वचित येते, आणि आले की त्याला काहीतरी काम दिलेले असते.

सुरुवातीला दहा संकटांची यादी आहे. आग, स्फोट, आपोआप पेट घेणे, वीज कोसळणे. घरफोडी आणि चोरी. दंगल आणि संप. भूकंप. मग पुराचे कलम, ज्यात पूर, वादळ, चक्रीवादळ, पाणी भरणे, गारपीट आणि हिमदव हे सगळे एका ओळीत उभे आहेत. बाहेरून होणारा अपघात. कुणी मुद्दाम केलेली खराबी. दहशतवादी कृत्य. गाडी दुसऱ्या साधनावरून नेली जात असताना होणारे नुकसान. आणि शेवटी दरड. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने या यादीत हिमदव वाचला की कळते, हे वाक्य एकट्या आपल्यासाठी लिहिलेले नाही. ते लडाखपासून केरळपर्यंतच्या प्रत्येक मोटारीसाठी आहे. एवढा मोठा देश एका परिच्छेदात बसवायचा तर नावे नुसती मांडत जावी लागतात, आणि त्या मांडणीलाच एक भारदस्तपणा येतो.

यादीतले नववे कलम मला विशेष आवडते. गाडी रस्त्याने, रेल्वेने, अंतर्गत जलमार्गाने, लिफ्टने किंवा विमानाने नेली जात असतानाचे नुकसान त्यात धरले आहे. 2002 साली वसईतल्या कुणाला त्यातल्या जलमार्गाचे काय वाटले असेल? खाडी होती, होड्या होत्या, पण मोटार खाडीपार न्यायची म्हणजे घोडबंदरच्या पुलाला वळसा. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि वसईकराची मोटार खरोखरच बोटीवर चढली. तिच्यासाठीचे शब्द बावीस वर्षे आधीच छापून ठेवलेले होते. कायदेशीर गद्याची ही दूरदृष्टी दाद देण्याजोगी आहे. आज निरुपयोगी दिसणारा शब्दही ते गाळत नाही.

ही यादी वाचून मन भरते आणि वाटते, आता काय राहिले? नेमके त्याच्या पुढे वगळण्याचे कलम येते. परिणामतः होणारे नुकसान, घसारा, वापराने होणारी झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड, मोडतोड : यांचे पैसे कंपनी देणार नाही. टायरट्यूबही नाही, अपवाद इतकाच की त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तर बदलण्याच्या खर्चाचा अर्धा भाग.

इथे थांबून पाहावे. वसईकराची गाडी रस्त्यात का थांबते? बॅटरी उतरते. सेल्फ लागत नाही. क्लचप्लेट जाते. मालजीपाड्यापासून बापाण्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहिल्याने गाडी हिट होते. पंक्चर होते आणि स्टेपनीत हवा नसते. यातले एकही संकट त्या दहांत नाही. सगळी वगळलेल्यांत आहेत. भूकंपाची, दंगलीची, आकाशातून पडणाऱ्या विजेची काळजी घेणारा हा कागद रोजच्या बंद पडण्यापाशी येऊन स्पष्ट नकार देतो. आणि हा नकार लबाडीचा नाही. विमा अचानक येणाऱ्या संकटाचा असतो. झीज अचानक येत नाही, ती ठरलेली असते. तिची जबाबदारी मालकाची. ही भूमिका कागद लपवत नाही, पहिल्याच भागात मांडतो. आपण तिथवर वाचत नाही, हा भाग वेगळा.

आता त्या वाक्याकडे येऊ, ज्यासाठी मी हा मजकूर पुन्हा पुन्हा उघडतो. त्याचा आशय असा : पॉलिसीत मान्य असलेल्या नुकसानीमुळे गाडी निकामी झाली, तर तिची राखण करण्याचा, तिला जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा आणि पुन्हा मालकाच्या ताब्यात आणून देण्याचा वाजवी खर्च कंपनी सोसेल, मात्र एका अपघातामागे सगळे मिळून 1500 रुपयांहून जास्त नाही.

या वाक्यात तीन क्रिया आहेत आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी राखण, मग नेणे, मग परत आणणे. अपघात रात्री झाला, गाडी शिरसाडजवळ कडेला उभी आहे, टोचन करणारा सकाळीच येणार आहे, तर मधली रात्र कोण बघणार? कागदाला ती रात्र दिसलेली आहे. दुरुस्ती झाल्यावर गाडी आपोआप घरी येत नाही, हेही त्याला दिसलेले आहे. रस्त्यात अडकलेल्या माणसाची सगळी धावपळ इतक्या कमी शब्दांत मांडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. मग वाक्याच्या शेवटी तो आकडा येतो. तोच सांगाडा व्यावसायिक वाहनांना लागू होताना तीनचाकीला 750, टॅक्सीला 1500 आणि इतरांना 2500 रुपये अशी मर्यादा पडते, दुचाकीला 300. त्याच मजकुरात आणखी एक परवानगी आहे : अंदाजे खर्च 500 रुपयांच्या आत असेल तर मालकाने कंपनीला न विचारता दुरुस्ती करून घ्यावी. हे आकडे 2002 च्या टॅरिफमधले. शब्द टिकाऊ निघाले, रुपये तसे टिकले नाहीत. फाट्यावरच्या कुठल्याही टोचनवाल्याला फ्लॅटबेडचा भाव विचारला की ते लक्षात येते.

आणखी एक गोष्ट. हे टोचनाचे पैसे क्लेमचा भाग म्हणून मिळतात. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. क्लेमविना गेलेल्या वर्षांमागे 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्क्यांपर्यंत चढत जाणारी ती सवलत एका टोचनासाठी घालवणे शहाणपणाचे नाही. रोडसाइड असिस्टन्सची सेवा वापरणे मात्र सहसा क्लेम धरले जात नाही. पुरवणी घेताना हे एवढे कागदावर तपासून घ्यावे.

मजकुराच्या शेवटाकडे अटी आहेत. वाचक तिथवर पोचत नाही, आणि नेमके तिथे चौथ्या अटीत या सगळ्या प्रश्नाची किल्ली ठेवलेली आहे. गाडीचे नुकसान होऊ नये म्हणून मालकाने वाजवी काळजी घ्यावी, ती चांगल्या स्थितीत ठेवावी, असे तिची सुरुवात सांगते. मग सूर बदलतो. अपघात झाला किंवा गाडी बंद पडली, तर आणखी नुकसान होणार नाही अशी तजवीज केल्याशिवाय ती बेवारस सोडून जाऊ नये. आणि आवश्यक दुरुस्तीआधीच ती चालवली, तर वाढलेल्या नुकसानीचा धोका सर्वस्वी मालकाचा.

ज्या बंद पडण्याचे पैसे देणार नाही असे कागद आधी म्हणाला, तेच बंद पडणे इथे कर्तव्य होऊन परत आले आहे. पैसे मिळणार नाहीत, पण वागायचे कसे ते ठरवून दिले आहे. सोडून जायचे नाही, चालवायचीही नाही. मग महामार्गावर ससूनवघरपाशी, रात्री साडेअकराला, घरची माणसे गाडीत असताना मालकाने करायचे काय? मूळ मजकुराकडे याचे उत्तर नाही. त्याने ही जागा रिकामी ठेवली आहे. रोडसाइड असिस्टन्सला माझ्या दृष्टीने किंमत आहे ती याच जागेमुळे. त्या सेवेकडे सोय म्हणून पाहिले तर एकीच्या ऐवजी दुसरी कुठलीही चालेल. चौथी अट पाळण्याचे साधन म्हणून पाहिले, तर निवडीची कसोटी एकदम धारदार होते : मला गाडी सोडून जाण्याचा किंवा पुन्हा चालवून बघण्याचा मोह होण्याआधी इथे माणूस कोण पोचवेल?

पावसाळ्यात ही कसोटी कशी लागते, ते वसई-विरारला वेगळे सांगायला नको. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आले, लोकल बंद पडल्या, वसाहतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. त्या वर्षीच नव्हे, एरवीही आचोळे रोड, सेंट्रल पार्क, वसईतला एव्हरशाइनचा भाग इथे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरते. पूर यादीत आहे, म्हणून भिजलेल्या सीट, वायरिंग, साफसफाई यांचा क्लेम होतो. पण पाणी ओसरल्यावर माणूस चावी फिरवून पाहतो. इंजिनात गेलेले पाणी पिस्टनला वर येऊ देत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन गेले की कंपनी म्हणते, हे पुराने झाले नाही, चावी फिरवल्याने झाले. परिणामतः नुकसान, वगळलेले. चौथी अट पुन्हा दाखवली जाते. इंजिन प्रोटेक्टची वेगळी पुरवणी याच वादातून आली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, बॅटरीची तार काढायची आणि उचलून न्यायला गाडी बोलवायची. त्या दिवशी शहरातल्या शेकडो गाड्यांना तेच हवे असते. म्हणून पूर आल्यावर येण्याचे वचन देणारी सेवा आणि पुरात सेवा स्थगित असे बारीक अक्षरात लिहिणारी सेवा, यांतला फरक वसईत वर्षाच्या वर्गणीतल्या फरकापेक्षा मोठा आहे.

रोडसाइड असिस्टन्सचा मजकूर मूळ पॉलिसीच्या मानाने तरुण आहे. तो यादी करतो : बॅटरीला जंप स्टार्ट, स्टेपनी बदलणे, जागेवरची किरकोळ दुरुस्ती, आत राहिलेली चावी, पाच लिटरच्या आसपास इंधन (इंधनाचे पैसे आपले), ठरावीक अंतरापर्यंत टोचन, कुठे पुढच्या प्रवासाला टॅक्सी, कुठे हॉटेल. वर्षातून किती वेळा, तेही लिहिलेले असते. या गद्याला मूळ पॉलिसीची भारदस्त लय नाही. पण एक विशेष आहे, त्याची प्रत्येक मर्यादा भूगोलात मोजता येते. म्हणून ते वसईच्या नकाशावर ठेवून वाचावे.

50 किलोमीटरपर्यंत टोचन मोफत, असे वाक्य घ्या. चारोटीला बंद पडलेली गाडी वसईच्या ओळखीच्या गॅरेजात आणायची तर अंतर त्याच्या पुढे जाते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे 50 मोजायचे कुठून? बंद पडल्या जागेपासून गॅरेजपर्यंत, की टोचनची गाडी तिच्या तळावरून निघाल्यापासून परत तळावर येईपर्यंत? काही मजकुरांत जाऊन-येऊन असे शब्द असतात आणि 50 चे 25 होतात. ‘जवळचे’ गॅरेज म्हणजे अंतराने जवळचे, की त्या कंपनीचे अधिकृत जवळचे? मनोरच्या अलीकडे थांबलेल्या मोटारीसाठी या दोन वाचनांमधून दोन वेगळ्या दिशा निघतात.

‘गाडी जाऊ शकेल अशा रस्त्यावर’ ही अटही अशीच. कळंब, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यावर वाळूत उतरवलेली आणि भरती चढू लागल्यावर रुतलेली मोटार या अटीबाहेर पडते. तिला ट्रॅक्टर काढतो आणि गावातली माणसे काढतात. गास, निर्मळ, गिरीजच्या वाड्यांतून जाणाऱ्या गल्ल्या रस्ते आहेत खरे; पण एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला बावखल, आणि फ्लॅटबेडला वळायला जागा नाही. तिथे हुकने पुढची चाके उचलणारी लहान गाडी लागते. उलट गाडी ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर असलेली किंवा विजेवर चालणारी असेल तर तिला चाकांवर ओढत नेणे धोक्याचे; तिला फ्लॅटबेडच हवा. वाडीत राहणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याने कंपनीला हाच एक प्रश्न आधी विचारावा. सीएनजी किट बाहेरून बसवलेले असेल, तर त्याची नोंद आरसी बुकात आणि पॉलिसीतही हवी. टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी 25 हा स्वतंत्र शेरा आहे. आणि सीएनजी संपला तर कुणी बाटलीतून आणून देत नाही.

पोचण्याच्या वेळेचे वचन मी कधीच जसेच्या तसे खरे धरत नाही. 2024 मध्ये राष्ट्रीय महामार्ग 48 वर घोडबंदर ते अच्छाड असे काँक्रीटचे व्हाइट टॉपिंग चालू होते, तेव्हा वर्सोवा पुलापासून वसई फाट्यापर्यंतच्या कोंडीत मदतीची गाडीच अडकून पडायची. अशा रस्त्यावर गाडी कुठल्या मार्गिकेत बंद पडली, गुजरातच्या की मुंबईच्या, यावर सगळे ठरते. मदत समोर दिसत असली तरी दुभाजक ओलांडता येत नाही. पुढच्या वळणापर्यंत जाऊन यावे लागते. शहरातही तसेच. रुळांनी वसई-विरारचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले आहेत आणि मोटार पलीकडे न्यायला मोजके पूल आहेत. पश्चिमेला आगाशीत बंद पडलेल्या गाडीकडे पूर्वेच्या फाट्यावरून निघालेली मदत संध्याकाळच्या गर्दीत किती वेळाने पोचेल, हे कंपनीच्या कॉल सेंटरला कळत नाही. ते दुसऱ्या राज्यात बसलेले असते. त्याला रेंज नाका, सातिवली खिंड, पारनाका ही नावे सांगून उपयोग नसतो. लोकेशन पाठवावे लागते, महामार्गावरचा किलोमीटरचा दगड वाचावा लागतो.

महामार्गावर पहिला फोन असिस्टन्सला करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो 1033 ला करावा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची ती चोवीस तासांची मदतवाहिनी आहे, आणि टोलच्या रस्त्यावर गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका यांची व्यवस्था असते. क्रेनचे काम मार्ग मोकळा करण्याचे, आपली गाडी घरी आणण्याचे नव्हे. पण चालत्या मार्गिकेतून गाडी कडेला जाणे हीच चौथ्या अटीतली पहिली तजवीज. मोटार वाहन कायद्याचे 127 वे कलमही इथे आठवावे : दहा तास बेवारस राहिलेली किंवा वाहतुकीला धोका होणारी गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात, आणि खर्च मालकाकडून घेतात.

आता निवडीचे. रस्त्यावरच्या मदतीचा इतिहास क्लबांपासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये 1905 साली ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, मुंबईत 1919 साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. सदस्याने सदस्याला धरून राहावे, ही त्यामागची कल्पना. आज त्या जागी विमा कंपन्यांच्या पुरवण्या, गाडी बनवणाऱ्यांच्या सेवा आणि वार्षिक वर्गणीच्या कंपन्या आहेत. पण फोनवर कुणीही बोलले, तरी शेवटी येतो तो इथलाच कुणीतरी : फाट्यावरचा, पेल्हारचा, वालीवचा, ज्याची टोचनची गाडी आहे आणि जो दोन-तीन कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा तिला आपल्या पिनकोडची माहिती विचारावी. 401208 मध्ये तुमचे किती टोचनवाले आहेत? 401302 मध्ये? जो माणूस उत्तर देताना अडखळतो, त्याची वर्गणी स्वस्त असली तरी मी घेणार नाही. वसई-विरारच्या हद्दीतच फिरणाऱ्या गाडीला विमा कंपनीची साधी पुरवणी आणि फोन उचलणारा एक चांगला मिस्त्री एवढे बहुधा पुरते. रोज ठाणे-मुंबईला किंवा तलासरीकडे जाणाऱ्याने अंतराची मर्यादा मोठी असलेली सेवा घ्यावी.

तक्रारीचा मार्गही निवडीत धरावा. विमा कंपनीच्या पुरवणीबद्दल बिमा भरोसा पोर्टल आणि विमा लोकपाल यांच्याकडे जाता येते. स्वतंत्र वर्गणी घेणारी कंपनी विमा विकत नाही, सेवा विकते. तिच्याविरुद्ध 1915 ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आणि 2019 च्या कायद्याखालचा जिल्हा ग्राहक आयोग. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्याच्या कागदावर तर टोचनाचे ते सुंदर वाक्यच नसते, कारण ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात येते.

आणि हे वाक्य ज्यांच्याकडे नसते ते बहुतेक दुचाकीवाले. पहाटे दूध घालणारा, नायगावच्या बाजारातून मासळी आणणारी, सातिवलीच्या गाळ्यात रात्रपाळी करून परतणारा. पॅकेज पॉलिसी घेतलीच तर मर्यादा 300 रुपयांची, आणि बऱ्याच जणांनी जुन्या गाडीला थर्ड पार्टीपलीकडे काही घेतलेलेच नसते. गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत जायचे, हाच त्यांचा रोडसाइड असिस्टन्स. दुचाकीच्या सेवांची वर्गणी मोटारीपेक्षा बरीच कमी असते. घेताना त्यांनी एवढे पाहावे की दुचाकी उचलून टेम्पोत घालून नेली जाईल असे लिहिले आहे का, गाडीच्या वयाची अट काय आहे, आणि ट्यूबवाल्या टायरचे पंक्चर जागेवर काढणार की फक्त ट्यूबलेसचे.